कामगार मातांचे कैवारी : डॉ. बाबासाहेब आंबेडकर

विहाराच्या वर्धापनदिनाची स्मरणिका निघाली आणि तिच्यात परमपूज्य बाबासाहेबांवर लेख नाही, असे कधी घडत नाही. महाडचा संगर, काळाराम मंदिर, पुणे करार, राज्यघटना, नागपूरची दीक्षा, हे सगळे आपल्या वस्तीतल्या लहान पोरांनाही तोंडपाठ आहे. ते पाठ असलेच पाहिजे. पण बाबासाहेबांच्या आयुष्यातली एक बाजू अशी आहे की जी आपल्या घरातल्या बायाबापड्यांच्या रोजच्या जगण्याशी जोडलेली आहे आणि तरी आपल्या भाषणांत ती फारशी येत नाही. बाळंतपणाची पगारी रजा, ही ती गोष्ट. आज जी बाई बाळंतपणात पगारी रजा घेते, तिच्या त्या रजेच्या मुळाशी एका गिरणगावात राहणाऱ्या माणसाचे कष्ट आहेत, हे तिला कोणी सांगत नाही. मी शाळा फार शिकलो नाही. गिरणीत बदली म्हणून लागलो आणि पाळी सुटल्यावर वाचनालयात बसून जे वाचले, त्यावर हे लिहितो आहे. म्हणून बाबासाहेबांचे चरित्र यंदा याच बाजूने सांगावे असे ठरविले.

भीमरावांचा जन्म १४ एप्रिल १८९१ रोजी महू येथे झाला. वडील सुभेदार रामजी सकपाळ लष्करातल्या शाळेत शिक्षक, मूळ गाव रत्नागिरी जिल्ह्यातले आंबडवे. आई भीमाबाई. भीमराव हे या जोडप्याचे चौदावे अपत्य. चौदा लेकरांपैकी मोठी होईतो जगली फक्त पाच. त्या काळी लष्करात नोकरी असलेल्या, दोन वेळचे खाऊन सुखी अशा घरातली ही अवस्था होती. भीमराव पाच वर्षांचे असताना साताऱ्यास भीमाबाई वारल्या. पुढे त्यांना आत्या मीराबाईंनी वाढविले. आई म्हणजे काय, हे भीमरावांना नीट कळायच्या आतच ती गेली.

साताऱ्याला असतानाची एक हकिगत गिरणी कामगारांनी मुद्दाम ध्यानात ठेवावी. घरची ओढाताण बघून लहानग्या भीमाच्या मनाने घेतले की आपण मुंबईला पळून जावे. सातारकडची पोरे मुंबईच्या गिरण्यांत वायंडिंगवर कामाला लागतात असे त्याने ऐकले होते. गाडीभाड्यासाठी त्याने आत्याच्या कमरेचा बटवा रात्री काढायचा बेत केला. तीन रात्री प्रयत्न केल्यावर बटवा हाती लागला तर आत निघाला अर्धा आणा. त्या अर्ध्या आण्याने मुंबईला जाता येत नव्हते. पोराला स्वतःचीच लाज वाटली आणि त्याने ठरविले की आता अभ्यासच करायचा. त्या बटव्यात चार रुपये असते तर कदाचित एक वायंडर वाढला असता. असो. गिरणीत न गेलेला तो मुलगा पुढे गिरणीतल्या बायांच्या कामी आला.

रामजीबाबा मुलांना घेऊन मुंबईस आले आणि परळच्या डबक चाळीत राहिले. भीमराव एल्फिन्स्टन हायस्कुलात शिकले, तिथून मॅट्रिक झाले आणि १९१२ साली बी.ए. झाले. १९१२ पासून हे कुटुंब परळच्या बी.आय.टी. चाळीत राहायला गेले. दुसऱ्या मजल्यावरच्या ५० आणि ५१ नंबरच्या दोन खोल्या. १९३४ साली दादरला राजगृहात जाईपर्यंत, म्हणजे बावीस वर्षे, बाबासाहेबांचे बिऱ्हाड तिथेच होते. कोलंबियाला गेले, लंडनला गेले, एम.ए., पीएच.डी., डी.एस्सी., बॅरिस्टर झाले, पण परत आले ते याच चाळीत. पहाटे भोंगा झाला की चाळीतल्या बाया भाकरी फडक्यात बांधून, लेकराला शेजारणीच्या हवाली करून गिरणीकडे धावतात, हे त्यांनी कुठल्या रिपोर्टात वाचलेले नव्हते. ते त्यांच्या दारापुढचेच होते.

आणि त्याच दोन खोल्यांत माता रमाई होत्या. दाभोळ बंदरावर माशांच्या पाट्या वाहणाऱ्या बापाची ही लेक. आईबाप लहानपणीच गेले. बाबासाहेब परदेशी असताना रमाईंनी संसार कसा ओढला, हे आपण सारे जाणतो. डिसेंबर १९१२ मध्ये यशवंतरावांचा जन्म झाला. त्यांच्या पाठची गंगाधर, रमेश, इंदू आणि राजरत्न ही चारही लेकरे बालपणीच गेली. शेवटचा राजरत्न जुलै १९२६ मध्ये गेला. बाबासाहेब एवढे विद्वान, पण चाळीतल्या इतर कोणाही बापासारखीच त्यांनीही पोटची चार लेकरे गमावली. पुढे आपण ज्या कायद्याबद्दल बोलणार आहोत, त्यावर ते कौन्सिलात उभे राहिले तेव्हा राजरत्नाला जाऊन दोनच वर्षे झाली होती. हे ध्यानात ठेवून पुढचे वाचावे.

त्या काळच्या गिरणीतल्या बाईची अवस्था काय होती? १९२० च्या आसपास मुंबईच्या गिरण्यांत दर शंभर कामगारांमागे वीसहून जास्त बाया होत्या. बहुतेक जणी रिळिंग आणि वायंडिंग खात्यात. मोबदला कामावर, म्हणजे जेवढे सूत गुंडाळाल तेवढे पैसे. वर नायकीण. तिची मर्जी असली तर काम, नसली तर दुसऱ्या दिवशी फाटकावरून परत. अशा जागी दिवस गेलेली बाई काय करणार? ती होईल तितके दिवस लपवायची. सांगितले तर जागा जाणार. काही जणी सातव्या-आठव्या महिन्यापर्यंत उभ्याने काम करीत. ज्यांना जमे त्या बाळंतपणाला गावी जात, परत येत तेव्हा जागा दुसरीला दिलेली असे. ज्यांना गावी जाणे परवडत नसे त्या ओल्या अंगाने पुन्हा साच्यापुढे उभ्या राहत. तान्हे घरी ठेवायचे तर ते रडू नये म्हणून त्याला अफूची गोळी देत. १९२२ च्या सुमारास सरकारने नेमलेल्या एका स्त्री डॉक्टरने मुंबईच्या गिरणीतल्या बाळंतिणींची पाहणी केली, तेव्हा ही अफूची चाल घरोघर असल्याचे तिला आढळले. १९२१ साली मुंबईत नोंद झालेल्या दर हजार जन्मांमागे सहाशेहून अधिक बालमृत्यूंची नोंद झाली. पुष्कळ बाया बाळंतपणाला गावी जात, म्हणून जन्म गावी नोंदला जाई आणि मरण मुंबईत, त्यामुळे हा आकडा फुगलेला आहे हे खरे. पण तेवढे वजा केले तरी जे उरते ते माणसाने ऐकवत नाही असेच आहे.

जगात तेव्हा या प्रश्नावर हालचाल सुरू झालेली होती. १९१९ साली वॉशिंग्टनला पहिली आंतरराष्ट्रीय कामगार परिषद भरली. तिने ठराव केला की कारखान्यातल्या बाईला बाळंतपणाआधी सहा आठवडे आणि नंतर सहा आठवडे रजा मिळावी, आणि त्या काळात तिच्या पोटापाण्याची सोय व्हावी. त्या परिषदेला हिंदी कामगारांच्या बाजूने आपले नारायण मल्हार जोशी गेले होते. हिंदुस्थान सरकारने मात्र तो करार स्वीकारला नाही. जोशींनी १९२४ साली दिल्लीच्या कायदेमंडळात स्वतः बिल आणले. ते पुढच्या वर्षी फेटाळले गेले. म्हणजे दिल्लीचे दार बंद झाले. मग प्रांतात काय करता येईल ते पाहावे लागले.

बाबासाहेब १९२७ सालच्या आरंभी मुंबई कायदे कौन्सिलात सरकारनियुक्त सभासद म्हणून गेले. त्याच वर्षी मार्चमध्ये चवदार तळ्याचा सत्याग्रह झाला आणि डिसेंबरमध्ये मनुस्मृती जाळली. लोकांना वाटते की त्या दिवसांत बाबासाहेब फक्त पाणी आणि मंदिर यांसाठी लढत होते. तसे नव्हते. १९२८ साली एप्रिलपासून ऑक्टोबरपर्यंत मुंबईच्या गिरण्यांचा सहा महिन्यांचा मोठा संप चालला. आपल्या माणसांना कपडा खात्यात, मागावर काम करू देत नसत, कारण धोट्यातला धागा तोंडाने ओढावा लागे आणि विटाळ होई. जास्त पगाराचे खाते आपल्याला बंद. बाबासाहेबांनी संपाच्या पुढाऱ्यांना हा प्रश्न रोखठोक विचारला. अशा त्या तापलेल्या दिवसांत, २८ जुलै १९२८ रोजी, ते कौन्सिलात बाळंतपणाच्या लाभाच्या बिलावर बोलायला उभे राहिले.

हे बिल गिरणगावचे प्रतिनिधी आर. एस. आसवले यांनी आणलेले होते. सरकारचा त्याला पाठिंबा नव्हता आणि गिरणीमालकांचा तर विरोधच. धंद्यावर बोजा पडेल, हा त्यांचा धोशा. बाबासाहेबांनी त्या दिवशी जे मांडले ते थोडक्यात आणि आपल्या भाषेत सांगतो, कारण आजही वाद तोच आहे. त्यांचे म्हणणे असे की, बाईला बाळंतपणाच्या आधी आणि नंतर काही दिवस विसावा मिळणे ही तिच्या एकटीच्या सोयीची गोष्ट नाही. त्यात साऱ्या राष्ट्राचे हित आहे. आता राष्ट्राचे हित असेल तर खर्चाचा मोठा वाटा सरकारनेच उचलायला पाहिजे, कारण लोकांचे कल्याण पाहणे हे सरकारचे पहिले काम. हे त्यांनी मोकळेपणाने कबूल केले. पण म्हणून मालक सुटत नाही. मालक बायांना कामावर घेतो ते धर्म म्हणून घेत नाही. पुरुषापेक्षा बाईला कामावर ठेवण्यात त्याला जास्त फायदा दिसतो म्हणून घेतो. ज्याने फायदा घ्यायचा त्याने जबाबदारीचाही वाटा उचलला पाहिजे. सरकार आज पुढे येत नसेल तर तोवर बाईला उपाशी ठेवता येणार नाही.

वाचकहो, हा हिशेब नीट बघा. बाबासाहेब अर्थशास्त्राचे पंडित होते. त्यांनी मालकाला नुसत्या शिव्या दिल्या नाहीत आणि बाईवर दया करा असेही म्हटले नाही. या रजेचा खर्च कोणाकोणाचा, हा सवाल त्यांनी उभा केला. पुढच्या साऱ्या इतिहासाची किल्ली या एका सवालात आहे.

बिल मंजूर झाले. १९२९ चा मुंबई मातृत्व लाभ कायदा तो हाच. कारखान्यात ठरावीक काळ नोकरी झालेल्या बाईला बाळंतपणाच्या आधीचे आणि नंतरचे काही आठवडे रोजी आठ आणे मालकाने द्यायचे. आठ आणे आज हसण्यासारखे वाटतील. पण कामाला न जाता घरी बसलेल्या गिरणीतल्या बाईच्या हातात मालकाने मोजून पैसे ठेवायचे, आणि ते बक्षीस म्हणून नव्हे तर हक्क म्हणून, ही गोष्ट या देशात कायद्याने पहिल्यांदा झाली. त्यानंतरच्या दहा वर्षांत मध्य प्रांत, मद्रास, संयुक्त प्रांत, बंगाल असे एकेक प्रांत त्याच वाटेने गेले.

पण खरे ते सगळे सांगावे. खर्च सगळा मालकाच्या अंगावर आला आणि सरकार बाजूला राहिले. मालक काय करणार? काही गिरण्यांनी लग्न झालेल्या बाया घेणेच कमी केले. रात्रपाळीला बायांना बंदी होती, नवी यंत्रे येऊ लागली होती, त्यात हे एक कारण जोडले गेले. गिरण्यांतल्या बायांचा टक्का वर्षानुवर्षे घटत गेला. स्वातंत्र्यानंतर तर हाताच्या बोटांवर मोजण्याइतकी खाती बायांची राहिली. कायदा वाईट होता म्हणून असे झाले का? नाही. बाबासाहेबांनी १९२८ साली जो पहिला मुद्दा मांडला होता, की मोठा वाटा सरकारने उचलावा, तो कोणी ऐकला नाही म्हणून असे झाले.

१९३५ च्या मे महिन्यात रमाई गेल्या. १९३६ साली बाबासाहेबांनी स्वतंत्र मजूर पक्ष काढला. पक्षाचे नाव बघा, त्यात जात नाही, मजूर आहे. १९३८ च्या नोव्हेंबरमध्ये संपाचा हक्क काढून घेणाऱ्या औद्योगिक कलह बिलाविरुद्ध त्यांनी मुंबईत एक दिवसाचा सार्वत्रिक संप घडविला. तो झाला ७ तारखेला. आणि तीनच दिवसांनी, १० नोव्हेंबरला, त्यांच्या पक्षाचे आमदार पी. जे. रोहम यांनी विधानसभेत संततिनियमनाचा ठराव मांडला. त्यामागे बाबासाहेब होते. सतत बाळंतपणे काढून बाईच्या शरीराची आणि गरिबाच्या संसाराची धूळधाण होते, म्हणून सरकारने लोकांना त्याची माहिती आणि साधने द्यावीत, असा तो ठराव. त्या काळी हा शब्द चारचौघांत उच्चारायला माणसे लाजत. ठराव पडला. पण रजा मागणारा माणूस आणि बाईला किती बाळंतपणे सोसायची हे ठरवता यावे म्हणणारा माणूस एकच होता, हे आपण विसरू नये.

१९४२ च्या जुलैत नागपूरला दलित वर्गाची परिषद भरली. तिच्याबरोबर २० जुलैला महिलांची स्वतंत्र परिषद झाली. हजारो बाया जमल्या होत्या. मुलींची लग्ने घाईने करू नका, लेकरे जास्त होऊ देऊ नका, नवऱ्याची बरोबरीची सोबतीण म्हणून राहा, असा उपदेश बाबासाहेबांनी त्यांना केला. त्या बायांनी गिरण्या, विडी कारखाने, नगरपालिका आणि रेल्वेतल्या कामकरी बायांसाठी पगारी रजा, अपघाताची भरपाई आणि म्हातारपणी पेन्शन मागणारा ठराव केला. आपल्या आज्या-पणज्या शिकलेल्या नव्हत्या, पण मागण्या करायला त्या शिकल्या होत्या.

त्याच महिन्यात बाबासाहेब व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूर मंत्री झाले. चाळीतला माणूस देशाच्या कामगार खात्याच्या खुर्चीवर बसला. त्या खुर्चीवरून त्यांनी पाहिले ते कोळशाच्या खाणीकडे. खाणीतल्या बायांसाठी १९४१ साली मातृत्व लाभाचा कायदा झालेला होता. त्यातल्या शब्दांत संदिग्धता राहिली होती. ती दूर करणारी दुरुस्ती बाबासाहेबांनी १९४३ च्या जुलैत मांडली. डिसेंबर १९४३ मध्ये ते धनबादला गेले आणि स्वतः खाणीत खाली उतरले. मंत्री खाणीच्या तोंडाशी हार घालून घेऊन परततात. हे खाली गेले, माणसे काम कशी करतात ते पाहिले, त्यांच्या वस्त्या पाहिल्या.

या काळात त्यांच्यावर टीकाही झाली. जमिनीखाली काम करायला बायांना १९३७ पासून बंदी होती. महायुद्धात कोळसा कमी पडला म्हणून सरकारने १९४३ साली ती बंदी उठविली. १९४४ च्या फेब्रुवारीत कायदेमंडळात बाबासाहेबांना त्याबद्दल जाब विचारला गेला. ही तात्पुरती अडचण आहे आणि बाईला पुरुषाइतकीच मजुरी मिळेल, असे उत्तर त्यांनी दिले. निर्णय कोणालाच आवडण्यासारखा नव्हता. पण १९४५ साली मातृत्व लाभाच्या कायद्यात पुन्हा दुरुस्ती होऊन जमिनीखाली काम करणाऱ्या बाईच्या विश्रांतीची जादा तरतूद झाली, आणि १९४६ च्या फेब्रुवारीत ती बंदी परत लागू झाली. मोठ्या माणसाच्या चरित्रातली अडचणीची पाने फाडून टाकू नयेत, म्हणून हे लिहिले.

मजूर मंत्री असताना त्यांच्या खात्याकडून आणखी एक काम झाले, ते आपल्या विषयाला फार जवळचे आहे. कामगारांच्या आजारपणाच्या विम्याची योजना करायला प्राध्यापक बी. पी. आडारकर यांना नेमले गेले. त्यांचा अहवाल १९४४ साली आला. त्यातूनच पुढे १९४८ चा राज्य कामगार विमा कायदा झाला आणि १९५२ साली कानपूर व दिल्लीपासून योजना सुरू झाली. हिलाच आपण ईएसआय म्हणतो. तिच्यात मालक भरतो, कामगार भरतो, दवाखान्याच्या खर्चात राज्य सरकारचा वाटा असतो. बाळंतिणीचे पैसे त्या फंडातून मिळतात, एकट्या मालकाच्या गल्ल्यातून नव्हे. म्हणजे बाई कामावर घेतली म्हणून मालकाला वेगळा भुर्दंड नाही. १९२८ साली विचारलेल्या सवालाचे हे अर्धे तरी उत्तर होते. कारखान्यातले कामाचे तास आठवड्याला चोपन्नावरून अठ्ठेचाळीसवर आणणारी १९४६ ची दुरुस्तीही त्यांच्याच खात्याची.

मग आली राज्यघटना. २९ ऑगस्ट १९४७ रोजी मसुदा समिती नेमली गेली आणि बाबासाहेब तिचे अध्यक्ष झाले. घटनेच्या ४२ व्या कलमात असे आहे की, कामाची स्थिती न्याय्य आणि माणुसकीची असावी आणि बाळंतपणात बाईला सहाय्य मिळावे, यासाठी राज्याने तरतूद करावी. हे मार्गदर्शक तत्त्व आहे, त्यावर थेट कोर्टात जाता येत नाही. पण आठ आण्यांच्या कायद्यापासून निघालेली वाट देशाच्या घटनेपर्यंत पोचली. पुढे हिंदू कोड बिलासाठी त्यांनी १९५१ साली मंत्रिपद सोडले. १४ ऑक्टोबर १९५६ ला नागपुरात आपल्याला धम्म दिला आणि ६ डिसेंबरला त्यांचे महापरिनिर्वाण झाले.

त्यानंतर १९६१ साली देशभरासाठी मातृत्व लाभ कायदा झाला, बारा आठवड्यांची पगारी रजा आली. २००० साली दिल्ली महानगरपालिकेच्या रोजंदारीवरच्या मस्टरमधल्या बायांच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने सांगितले की, रोजंदारीवरच्या बाईलाही हा लाभ मिळालाच पाहिजे. त्या निकालात घटनेच्या ४२ व्या कलमाचा आधार आहे. २०१७ साली रजा पहिल्या दोन बाळंतपणांसाठी सव्वीस आठवडे झाली आणि पन्नास व त्याहून जास्त माणसे असतील तिथे पाळणाघर सक्तीचे झाले. २०२० च्या सामाजिक सुरक्षा संहितेतही हे सव्वीस आठवडे कायम आहेत.

कागदावर हे छान दिसते. पण सव्वीस आठवडे मिळतात कोणाला? ज्या बाईचे नाव मस्टरवर आहे तिला. आपल्या वस्तीतल्या धुणीभांडी करणाऱ्या, नाक्यावर उभ्या राहणाऱ्या, घरी बसून विड्या वळणाऱ्या, ठेकेदाराकडे झाडलोट करणाऱ्या बायांना त्यातले काय मिळते? सरकारने २०१७ पासून पहिल्या बाळंतपणासाठी पाच हजार रुपयांची योजना केली. पाच हजारांत किती आठवडे घरी बसता येते, याचा हिशेब ज्याचा त्याने करावा. आणि जिथे सव्वीस आठवड्यांचा सगळा पगार एकट्या मालकाने द्यायचा आहे, तिथे मुलाखतीलाच मुलीला लग्न झाले का, मूल आहे का, असे विचारले जाते. १९२९ नंतर गिरणीत जे झाले तेच हे.

माझ्या घरचे सांगतो. माझी आई रिळिंगला होती. माझ्या पाठच्या बहिणीच्या वेळी तिला विम्याचे पैसे मिळाले, आणि त्यातून आमच्या घरी पहिला स्टोव्ह आला. ती मरेपर्यंत त्याला बाळंतपणाचा स्टोव्ह म्हणायची. आता सुनेचे ऐका. ती एका ठिकाणी ठेकेदारामार्फत साफसफाईच्या कामाला होती. सातव्या महिन्यात एके दिवशी तिला सांगितले, उद्यापासून येऊ नको. घरी येऊन ती रडली. आणि मी, पंचवीस वर्षे युनियनचे काम केलेला माणूस, तिला काय म्हणालो? जाऊ दे बाई, घरी बस, बाळ महत्त्वाचं. रात्री झोप लागेना. मालकाला जे पाहिजे होतं तेच मी माझ्या तोंडाने बोललो होतो. आम्ही गिरणीत इतकी मागणीपत्रके लिहिली. पगार, बोनस, बदलीला कायम करा. बायांची मागणी नेहमी शेवटच्या ओळीत, आणि तडजोडीला बसलं की पहिल्यांदा तीच सोडून द्यायची. हे पाप आमचंही आहे.

सकाळी तिच्या पगाराच्या चिठ्ठ्या काढल्या. ईएसआयचे पैसे दरमहा कापलेले दिसले. नंबर शोधला, ऑफिसात खेपा घातल्या. मागच्या दोन अंशदान काळांत मिळून सत्तर दिवसांचे पैसे भरलेले असले की हक्क बसतो, आणि तिचे त्याहून जास्त दिवस भरले होते. सव्वीस आठवड्यांचे पैसे तिच्या खात्यावर आले. नोकरी मात्र परत मिळाली नाही. अर्धी लढाई जिंकली, अर्धी हरलो, असेच म्हणावे लागेल.

म्हणून विहारात येणाऱ्या सगळ्या उपासक-उपासिकांना हात जोडून सांगणे आहे. घरातली सून, लेक, बहीण कामाला जात असेल तर तिच्या पगाराच्या चिठ्ठ्या जपून ठेवा. विम्याचा नंबर लिहून ठेवा. हजेरीचा कागद मागून घ्या. दिवस गेल्यावर मालकाला अर्ज लेखी द्या आणि त्याची पोच घ्या. ठेकेदार काढून टाकतो म्हणाला तर घरात रडत बसू नका, विहारात या. रविवारी वंदना झाल्यावर आम्ही दोघे-तिघे कार्यकर्ते बसतो, कागद बघतो, अर्ज लिहून देतो. पैसे घेत नाही.

बाबासाहेबांच्या प्रतिमेला हार घालताना एवढे आठवावे, की या माणसाची आई तो पाच वर्षांचा असताना गेली, त्याची चार लेकरे गेली, आणि तरी त्याने रडत न बसता दुसऱ्यांच्या आयांसाठी हिशेब मांडला. तो हिशेब अजून पुरा चुकता झालेला नाही. तो पुरा करणे आपल्याकडे आहे.

जय भीम! नमो बुद्धाय!